उखळीचा धूर आणि उखळीचा आवाज

अर्जदार: तळेगाव ढमढेरे येथील एक बागाईतदार, ज्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात.

सामनेवाले: मौजे राहू येथील एक शेतकरी. अर्जदाराचे व्याही.

साक्षीदार: एक, दौंडचे निवृत्त रेल्वे गार्ड, यात्रेत घड्याळ धरणारे. दोन, उखळीला बत्ती देणारा. तीन, घोड नदीवरील एक परीट, ज्याला आपण साक्षीदार आहोत हे आजतागायत ठाऊक नाही. चार, खुद्द मी.

वादाची तारीख: चैत्रातील यात्रेचा दुसरा दिवस. साल पन्नास आणि साठ यांच्या मधले, म्हणजे विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या.

वादाचा विषय: एक पांढरा बैल, आणि आवाजाला वाटेत झालेला उशीर.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. शिरूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली पेटी मांडून मी अर्ज लिहीत आलो आहे, आणि एवढे नक्की शिकलो आहे की कागदावर नाव चढले की मनुष्य त्या कागदाला कायमचा चिकटतो. येथे तर दोन्ही पक्षांना एकमेकांच्या घरी सणावाराला जेवायचे आहे. माझ्याविषयी सांगायचे तर माझे शिक्षण मराठी चौथीनंतर थांबले. ते शाळेने थांबविले, मी नव्हे. मी माझ्या परीने ते पुढे चालू ठेविले, आणि प्रस्तुत प्रकरण हा त्याचाच पुरावा समजावा.

प्रकरणाचे मूळ साखरपुड्यात आहे. आप्पांची थोरली मुलगी राहूच्या घरी द्यायची ठरली होती आणि लग्न वैशाखात होते. पंगत उठल्यावर पान खाता खाता व्याही गोठ्याकडे गेले आणि आप्पांच्या पांढऱ्या बैलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"बैल झ्याक हाय, आप्पा," ते म्हणाले. "पर पळवू नगा. नंदी हाय त्यो, देवळाम्होरं बशीवला तर शोभंल."

"तुमचा तांबडा पळतो व्हय?" आप्पा म्हणाले. "मला वाटलं, त्येला गावातली पोरं हिंडवून आणत्यात."

अशा गोड बोलण्यातून जी पैज लागायची ती लागली. चैत्रात यात्रेच्या घाटावर दोघांनी आपापले गाडे पळवायचे. ज्याचा गाडा मागे पडेल त्याने आपला बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधायचा. व्याह्यांकडून तांबडा, आप्पांकडून पांढरा. पांढऱ्याची आई तो चार दिवसांचा असताना मेली होती आणि तो आप्पांच्या ओसरीत माणसांत वाढला होता. आप्पांनी शब्द दिला तेव्हा त्यांच्या घरातील बायका आत भांडी आपटू लागल्या, पण शब्द गेला तो गेला.

घाट म्हणजे काय हे परगावच्या वाचकांसाठी सांगतो. यात्रेत गाडे पळविण्यासाठी चढावर केलेली सरळ धाव, तिला आमच्याकडे घाट म्हणतात. एक जोडी सुटते, माथ्यावर पोहोचते, मग दुसरी सुटते. दोन गाडे एकत्र पळत नाहीत, म्हणून पुढे कोण आणि मागे कोण हे घड्याळ सांगते. आमच्या यात्रेत ते घड्याळ दौंडच्या चाचांकडे असे. चाचा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, काळा कोट, आणि कोटाच्या खिशात थांबविता येणारे घड्याळ, ज्यात सेकंदाचाही पाचवा हिस्सा दिसे. त्यांच्या खरेपणावर कोणी बोट ठेवीत नसे, मीही ठेवीत नाही.

सुटण्याची खूण उखळीची. उखळी म्हणजे जाड लोखंडी नळकांडे. त्यात दारू ठासून बत्ती दिली की दणका होतो, बैल उधळतात आणि गाडा सुटतो. उखळी घाटाच्या पायथ्याला, चाचा माथ्यावर. चाचा खाली पाहत नसत. ते नजर काट्यावर ठेवीत आणि कानावर दणका पडला की कळ दाबीत. ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली होती आणि तिने कोणाचेही नुकसान झाले नव्हते, कारण चूक सर्वांच्या वाट्याला सारखीच येत होती. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या वर्षी व्याह्यांचा गाडा शेवटून दुसरा सुटला आणि सगळ्यांच्या पुढे गेला. राहूकरांना आनंद झाला. आनंद होण्यास कोणाची हरकत नाही, परंतु त्यांनी तो उखळीतून व्यक्त केला. बत्तीवाल्याच्या हातून दारूची पिशवी घेऊन एकामागून एक बार उडविले. शेवटी आप्पांचा गाडा उभा राहिला तेव्हा पिशवीत चिमूटभरही दारू उरली नव्हती.

"आता खूण कशाची करू?" बत्तीवाल्याने विचारले.

"उपरणं हालव," पंचांपैकी एक जण म्हणाला. "खूण ती खूण."

वर निरोप गेला. चाचांनी मान हलविली, या वेळी नजर काट्यावरून उचलून पायथ्याकडे लावली, आणि उपरणे हलताक्षणी कळ दाबली. गाडा वर आला. चाचांनी घड्याळ पाहिले, दोनदा पाहिले, आणि आप्पांचा गाडा सेकंदाच्या दोन पंचमांशांनी मागे असल्याचे जाहीर केले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आप्पांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्याचा कासरा व्याह्यांच्या हाती दिला. शब्द पाळल्यावर ते शिरूरच्या एस.टी.त बसले आणि माझ्या लिंबाखाली आले.

"काय तरी गफलत हाय," ते म्हणाले. "म्या गाडा बघितला. माझा बैल मागं न्हवता."

"पुरावा?" मी विचारले. हा प्रश्न मी सर्वांनाच विचारतो.

"माझं डोळं."

"डोळ्यांवर कोर्टाचे तिकीट चिकटत नाही, आप्पा."

पुष्कळ माणसे माझ्यापुढे रडली आहेत, त्याची मला सवय आहे. आप्पा रडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "सकाळच्या पारी गोठ्यात जातो आन् पेंडीचं घमेलं दोघांचं भरतो." एवढे ऐकून मी पेटी बंद केली आणि त्यांना चहा पाजण्यासाठी नदीकडे नेले.

आणि तेथे, घोड नदीच्या काठावर, मला शोध लागला. शोध हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. पलीकडच्या काठावर परीट कपडे आपटीत होता. त्याचे हात खाली येत, कपडा दगडावर बसे, आणि काहीच ऐकू येत नसे. हात परत डोक्यावर गेले की मग "थप्प" असा आवाज येई. जणू तो कपडा हवेवरच आपटीत होता. परीट वर्षानुवर्षे तेथे आहे आणि मी वर्षानुवर्षे त्याला पाहत आलो आहे. परंतु पाहणे निराळे आणि दखल घेणे निराळे.

"आप्पा," मी म्हणालो, "तुमचा बैल मागे नव्हता. आवाज मागे होता."

आप्पांना चहा पुरला नाही, मी दुसरा सांगितला. मग काठावरचा एक खडा संथ पाण्यात टाकला. कडी निघाली, तिच्यामागे दुसरी, आणि दोन्ही पसरत काठाला आल्या. पाण्यावर लिंबाचे एक पान होते. कडी आली तसे ते वर झाले, गेली तसे खाली झाले, पण कडीबरोबर काठाला काही आले नाही. "पाणी जागेवर राहते," मी सांगितले, "पुढे जाते ती लाट. आवाजही असाच. उखळी उडाली म्हणजे तिथली हवा तुमच्या कानात येऊन शिरत नाही. हवा शेजारच्या हवेला ढकलते, ती पुढच्या हवेला, बाजारातल्या गर्दीत मागचा पुढच्याला रेटतो तसे. रेटा पोहोचायला वेळ लागतो."

"किती?"

ही संख्या मी मागाहून हायस्कुलातील विज्ञानाच्या मास्तरांकडून केवळ ताडून पाहिली. आवाज हवेतून सेकंदाला अदमासे अकराशे फूट जातो. घाटाची लांबी सहाशे फुटांच्या आसपास. म्हणजे उखळीचा दणका चाचांच्या कानी पोहोचेपर्यंत अर्धा सेकंद उलटून गेलेला असे, आणि गाडा तोवर सुटलेला असे. उखळीवर पळालेल्या प्रत्येक गाड्याला हा अर्धा सेकंद फुकट मिळाला. उपरण्यावर पळालेला गाडा एकच, त्याला मिळाला नाही. अर्धा सेकंद दोन पंचमांशांहून मोठा असतो, हे मराठी चौथीपर्यंत शिकवितात.

"आन् उपरणं? ते दिसायला टाईम लागत न्हाई?"

"लागतो. पण उजेड इतका वेगवान की घाटाच्या अंतराला तो मोजता येत नाही. सूर्यापासून येथवर यायला मात्र त्याला आठ मिनिटे लागतात."

आप्पांनी डोळे बारीक करून वर पाहिले. "म्हंजी आत्ता दिसतोय त्यो सूर्व्या आठ मिन्टं शिळा हाय?"

"होय."

"मंग ताजा कुठं हाय?"

या प्रश्नाचे उत्तर अर्जाच्या कक्षेत येत नव्हते, म्हणून मी दिले नाही.

अर्ज मी असा लिहिला की आजही त्याची प्रत वाचताना मला बरे वाटते. यात्रेच्या पंचांनी देवळासमोर सुनावणी ठेविली. दोन्ही व्याही आले, चाचा दौंडहून आले, आणि काम नसलेले सगळे गाव आले. मी उभा राहून नदी, खडा, पान, परीट यांवरून क्रमाने येत असताना व्याह्यांनी हात वर केला.

"आवाज उशिरा पोचतो म्हणता. मंग माझ्या बैलांलाबी उशिराच पोचला आसंल की."

"आपले बैल उखळीला लागून उभे होते," मी म्हणालो. "त्यांच्या कानाला तो तत्काळ मिळाला. उशीर फक्त माथ्यावर झाला."

"बरं. पर धूर आधी दिसतो, ह्ये तुम्ही डोळ्यानं बघून सांगताय न्हवं? इहिरीत काठी घाला, वाकडी दिसती. भाईर काढा, सरळ. डोळा आसा लबाड आस्ताना त्येचा पुरावा कसा धरायचा?"

लोकांत कुजबुज झाली. हा मुद्दा मला अनपेक्षित होता, आणि सामनेवाल्याने माझ्याशिवाय दुसरा अर्जनवीस गाठला की काय अशी शंका मला चाटून गेली. परंतु मी डगमगलो नाही. "उजेडाचा वेग पाण्यात कमी असतो आणि हवेत जास्त," मी म्हणालो. "पाण्यातून हवेत येताना, सरळ वर न येता तिरका आला, की तो वळतो. म्हणून काठी मोडल्यासारखी दिसते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळी हवाच आहे. वळण्याचे कारण नाही."

पंचांनी आपसात विचार करून घाटात विहीर नाही एवढे मान्य केले.

मग चाचांना बोलावले. मी अदबीने विचारले, "चाचा, लांबून गाडी येताना इंजिनाची शिट्टी आणि वाफ, यांत आधी काय कळते?"

"भाप पहले दिसती. शिट्टी मागनं येती," चाचा म्हणाले. "आन् पटरीला कान लावला तर आवाज हवेच्या आधी येतो. लोखंडातून जल्दी धावतो."

"म्हणजे आपणास हे ठाऊकच होते."

"रोज का काम था."

"मग आपले घड्याळ उखळीवर अर्धा सेकंद उशिरा सुरू होत होते, हे मान्य?"

चाचांचा चेहरा बदलला. "घड्याळ कदी उशिरा चालू हुईत न्हाई. रेल्वेचं घड्याळ हाय. आवाज उशिरा येत आसंल तर तो आवाज का कुसूर. त्याला बोलवा हितं."

मी पंचांना विनंती केली की शब्दांचा खल पुरे, आता माथ्यावर चलावे. सर्वजण चढले. खाली बत्तीवाल्याने उखळी भरली. मी सांगितले, कोणीही बोलू नये, फक्त पाहावे. धुराचा पांढरा गोळा उठला. माणसांनी श्वास धरला. आणि मग "धड्डाम". आणि क्षणभराने पुन्हा एकदा, जरा बारीक.

"दोन बार उडवलं," पंचांतील सर्वांत वडील आबा म्हणाले.

"एकच, आबा. दुसरा तोच. समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. आरशावरून कवडसा परततो तसा आवाजही परततो, त्याला प्रतिध्वनी म्हणतात."

"मंग चाचांनी ह्या दोहोंतला कंचा धरला?"

चाचा रागाने घाट उतरू लागले. त्यांना चार माणसांनी समजावून परत आणले. आणखी तीन वेळा उखळी उडविली. शेवटच्या वेळी बहुतेकांनी धूर पाहताच टाळी वाजवून ठेवली आणि दणका त्या टाळीनंतर आला. माझ्या मते त्या टाळीतच निकाल होता. पंचांनी मात्र तो कागदावर आणला नाही. त्यांनी सांगितले की दोन्ही गाडे पुन्हा पळवावे, दोन्ही वेळा उपरण्यावर, लग्नाच्या आदल्या आठवड्यात.

येथे अडचण उभी राहिली. पांढरा आता राहूला होता. आप्पांची जोडी पुरी करायची तर तो व्याह्यांकडून मागून आणावा लागणार.

"घिऊन जावा की," व्याही म्हणाले. "पर बैल माझा हाय. माझाच बैल मलाच हरवायला मी चारा घालून धाडू? आन् हरला तर माझा म्हणून हरला, जिकला तर तुमचा म्हणून जिकला. आसलं गणित तुमच्या अर्जवाल्यालाच सुटंल."

"सोडवतो," मी म्हणालो, आणि त्या मुद्द्यावर पुरवणी अर्ज लिहायला घेतला.

तो अर्धा झाला असेल, तेव्हा आप्पांची मुलगी आईबरोबर बांगड्या भरायला शिरूरला आली. आई दुकानात गेली तशी ती लिंबाखाली आली. मी तिला बसायला पोते दिले. ती बसली नाही.

"काका, आप्पांनी मला सगळं सांगितलंय. सूर्व्या शिळा हाय त्ये बी सांगितलं," ती म्हणाली.

"आपला बैल परत येईल. काळजी करू नकोस."

"त्येच सांगाय आलीया. आणू नगा."

मी लेखणी खाली ठेवली.

"त्येला बाटलीनं दूध म्या पाजलंया," ती म्हणाली. "आप्पा म्हंत्यात घरानं वाढवला. घरानं न्हाई, म्या. वैशाखात मी राहूला जायची. थितं कुणाला वळखत न्हाई. बैल थितं हाय तर माझं एक माणूस आधीच जाऊन बसलंय. आप्पा जिकलं तर मी तिकडं आन् त्यो हिकडं." मग ती म्हणाली, "तुमचं म्हणनं खरं हाय. परटाचं म्या बी बघितलंया. पर अर्ज मागं घ्या. आन् म्या सांगितलं म्हणू नगा, आप्पांना वाईट वाटंल."

माझ्या अशिलाचे हित एका बाजूला, त्याच्या मुलीचे दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध विज्ञान. मी तिला सांगितले की विचार करून कळवितो. ती गेल्यावर पुरवणी अर्जाचा एक शब्दही पुढे सरकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावला गेलो. आप्पा गोठ्यात होते आणि घमेले अजून दोघांचे भरलेले होते. मी मुलीचे नाव घेतले नाही. नुसते विचारले की लेकीला आंदण काय देणार.

"भांडी हायती. कपाट हाय."

"जित्राब देण्याची रीत आहे ना आपल्यात?"

आप्पांना कळायला वेळ लागला नाही. रिकाम्या खुंट्याकडे पाहत त्यांनी विचारले,

"ती बोलली व्हय तुमच्यापाशी?"

"माझ्यापाशी पुष्कळ लोक बोलतात. कोण काय बोलले हे मी सांगत नाही. तो माझा धंदा आहे."

"देतो," आप्पा म्हणाले. "पर मी हरलो आसं व्हता कामा न्हाई. हरून गेलेला बैल आन् लेकीला दिलेला बैल, ह्यात फरक हाय."

तो फरक कागदावर आणणे हेच माझे काम. मी लिहिले की, अर्जदाराचे म्हणणे घाटावर सर्वांसमक्ष सिद्ध झाले असल्याने बैल अर्जदाराचाच आहे, आणि तो अर्जदार आपल्या राजीखुशीने कन्येस आंदण देत आहे, सबब गाडे पुन्हा पळविण्याची गरज उरलेली नाही. ते ऐकून व्याही हसले आणि म्हणाले, "लिवा काय बी. बैल माझ्याच दावणीला हाय." त्या दिवसापासून राहूत तो जिंकलेला बैल आहे आणि तळेगावात दिलेला बैल आहे. एकाच जनावरावर दोन दाखले, आणि दोन्ही घरी समाधान. लग्न निर्विघ्न पार पडले. उखळी उडविली नाही.

परंतु अर्ज मागे घेतला गेला असे समजून पंचांनी तो दप्तरात ठेवून दिला. धूर आधी दिसतो, आवाज मागाहून येतो, आणि म्हणून आप्पांचा गाडा प्रत्यक्षात पुढे होता, असा एक ओळीचाही निर्णय कोणी दिला नाही. पुढल्या वर्षापासून मात्र यात्रेत उखळी बंद झाली आणि सर्व गाडे लाल निशाणावर सुटू लागले. म्हणजे माझे म्हणणे पाळले गेले, मान्य झाले नाही. असे अनेक अर्जांचे होते.

आप्पा आता थकले आहेत. मुलीकडे जाण्याचे निमित्त त्यांना कमी पडत नाही, आणि राहूला पोहोचले की ते आधी गोठ्यात जातात, मग घरात. तरी वर्षातून एकदा माझ्या लिंबाखाली येऊन विचारतात, "उत्तर आलं का?" मी म्हणतो, "वाटेत आहे." ते म्हणतात, "लई लांबून येतंय."

सबब, त्या वेळचे पंच व त्यांचे वारस, तसेच हे प्रकरण वाचणारे समस्त सुजाण वाचक, यांस नम्र विनंती की त्या दिवशी घाटावर आप्पांचा गाडा मागे नव्हता, एवढे एक वाक्य लेखी, सहीनिशी, शिरूर येथील कचेरीसमोरील लिंबाखाली पाठवावे. आप्पांना ऐकू कमी येते, परंतु वाचता येते. त्यांच्या हयातीत पोहोचल्यास उपकार होतील. कळावे.